वेदनेचें एक विशेषण

इंग्रजी भाषेंत ‘एक्स्क्रुशिएटिंग’ असें एक विशेषण आहे. उच्चारायला अवघड, लिहितांना हमखास चुकणारें, आणि कोशांत पाहिलें तर ‘असह्य’, ‘अत्यंत क्लेशकारक’ एवढ्यावर आटोपणारें. मूत्रपिंडांतला खडा खालीं सरकतांना नलिकेंत अडकला, दाढेच्या मुळाशीं पू झाला, चेहऱ्याच्या मज्जातंतूंतून विजेसारखी चमक जाऊं लागली, म्हणजे इंग्रजी बोलणारा डॉक्टर त्या दुखण्याला हें विशेषण लावतो. त्याच भाषेंतला एखादा नाट्यपरीक्षक रटाळ नाटकालाही तेंच विशेषण लावून मोकळा होतो. एकाच शब्दाला इतक्या उंच आणि इतक्या खालच्या जागीं बसवणाऱ्या लोकांना नांवें ठेवण्यापूर्वीं तो शब्द आला कोठून हें पाहणें बरें. त्याच्या पोटांत एक लाकडी खांब आहे, आणि त्या खांबावर माणसें टांगलेलीं आहेत.

लॅटिन भाषेंत ‘क्रुक्स’ म्हणजे क्रूस. त्यावरून ‘क्रुकिआरे’ म्हणजे यातना देणें, छळणें, असें क्रियापद झालें. माणसाला प्रत्यक्ष क्रूसावर चढवण्याच्या क्रियेला रोमन लोक ‘क्रूसाला ठोकणें’ असा निराळा प्रयोग करीत. ‘क्रुकिआरे’ हें मात्र कोणत्याही पराकोटीच्या छळाचें क्रियापद होऊन बसलें. त्याच्या मागें ‘एक्स’ हा उपसर्ग लागला. ह्या उपसर्गाचा मूळ अर्थ ‘बाहेर’ असा असला, तरी कित्येक क्रियापदांत तो ‘पुरेपूर’, ‘शेवटपर्यंत’ असा अर्थ देतो. मराठींत ‘छळणें’ आणि ‘छळून काढणें’ यांत जो फरक आहे, साधारणपणें तोच येथें आहे. ‘क्रूसांतून बाहेर पडलेली वेदना ती एक्स्क्रुशिएटिंग’ अशी जी फोड प्रवचनांतून ऐकायला मिळते ती ऐकायला गोड आहे, पण व्याकरणाला धरून नाहीं. ह्या वेदनेला शब्दच नव्हता म्हणून रोमन लोकांना तो मुद्दाम घडवावा लागला, असेंही सांगण्यांत येतें. त्यालाही आधार नाहीं. शब्द घडवण्याकरितां रोमन लोकांना बसावें लागलें नाहीं. खांब रस्तोरस्तीं उभे होते, आणि शब्द त्यांच्या सावलींत आपोआप वाढला.

हा दंड सरसकट सर्वांना नव्हता. रोमन नागरिक साधारणपणें त्यांतून सुटलेला असे. गुलाम, चांचे, बंडखोर, आणि जिंकलेल्या प्रांतांतले सामान्य लोक यांच्याकरितां तो राखून ठेवलेला होता, आणि म्हणूनच त्याला ‘गुलामाची शिक्षा’ असें नांवच पडलें होतें. दोषी ठरलेल्या माणसाला पुष्कळदां चाबकांनीं फोडून काढीत, मग क्रूसाचा आडवा वांसा त्याच्याच खांद्यावर देऊन गांवाबाहेर नेत, आणि तेथें दोरांनीं बांधून अथवा खिळे ठोकून उभा टांगीत. मरण कांहीं तासांनीं येई, कधीं दिवसांनीं. रहदारीच्या रस्त्याजवळची जागा पसंत केली जाई, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. मारणें हा ह्या दंडाचा अर्धाच हेतु होता; उरलेला अर्धा दाखवण्याचा होता.

इ. स. पूर्व ७३ मध्यें इटलींतील कापुआ ह्या गांवच्या ग्लॅडिएटरांच्या आखाड्यांतून स्पार्टाकस आणि त्याचे साथीदार निसटले, आणि हां हां म्हणतां हजारों गुलाम त्यांना येऊन मिळाले. दोन वर्षें हें बंड चाललें. इ. स. पूर्व ७१ मध्यें मार्कस क्रॅसस यानें तें मोडलें. स्पार्टाकस रणांत पडला. जिवंत हातीं लागलेल्या सहा हजारांना क्रॅससनें कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्यावर, प्रसिद्ध आप्पियन मार्गावर, क्रूसावर चढवलें, असें इतिहासकार आप्पियन यानें लिहून ठेवलें आहे. हें अंतर सुमारें एकशें वीस मैलांचें. सहा हजार क्रूस त्यावर सारख्या अंतरानें उभे केले असें धरलें, तर दर पस्तीस-छत्तीस यार्डांवर एक क्रूस येतो. वाटसरूची एका क्रूसाकडे पाठ होते न होते तोंच पुढचा समोर उभा, आणि असें कित्येक दिवसांच्या वाटचालींत. बंड ज्या गांवीं सुरू झालें तेथूनच हे क्रूस लावायला आरंभ केला, यांत क्रॅससचा हिशेबीपणा दिसतो. त्या सहा हजारांपैकीं एकाचेंही नांव इतिहासाला ठाऊक नाहीं.

त्याच दोन-तीन वर्षांत सिसिली बेटावर व्हेरेस नांवाचा सुभेदार होता. लांचखाऊपणाबद्दल पुढें त्याच्यावर रोममध्यें खटला झाला, आणि आरोप शाबीत करण्याचें काम तरुण वकील सिसेरो याच्याकडे आलें. त्यानें लिहून प्रसिद्ध केलेल्या भाषणांत गाव्हियस नांवाच्या माणसाची हकीकत आहे. हा रोमन नागरिक. व्हेरेसच्या अन्यायाबद्दल तो उघड बोलला. त्यासरशीं तो बंडखोर गुलामांचा हेर आहे असें ठरवून व्हेरेसनें त्याला मेस्सानाच्या चौकांत फटके मारवले. प्रत्येक फटक्याला तो माणूस दुसरें कांहीं न बोलतां, आपण रोमन नागरिक आहों एवढेंच सांगत राहिला. अखेर त्याला क्रूसावर चढवण्यांत आलें, आणि क्रूस मुद्दाम समुद्राच्या बाजूला अशा जागीं उभारला कीं सामुद्रधुनीपलीकडची इटलीची भूमि त्याला मरतांना दिसत राहावी. सात वर्षांनीं, इ. स. पूर्व ६३ मध्यें, राबीरियस नांवाच्या एका वृद्ध सभासदाच्या बचावाला उभें राहतांना सिसेरोनें असा आशय मांडला कीं क्रूस हा शब्दसुद्धां रोमन नागरिकाच्या देहापासून तर दूर असावाच, पण त्याच्या मनापासून, डोळ्यांपासून आणि कानांपासूनही दूर असावा.

वक्तृत्व म्हणून हें उदात्त आहे यांत शंका नाहीं. पण सिसेरोची ही कळकळ नागरिकापुरतीच होती हेंही विसरतां येत नाहीं. आप्पियन मार्गावरच्या सहा हजारांबद्दल त्याला असें भाषण सुचलें नाहीं, आणि त्या काळच्या दुसऱ्या कोणालाही सुचलें नाहीं. शिवाय तो शब्द कानांपासून दूर ठेवण्याची इच्छा त्याच्या हयातींतच फोल ठरली होती. त्याच्या आधीं शंभराहून अधिक वर्षें, प्लाउटसच्या प्रहसनांतले गुलाम एकमेकांना ‘क्रूसावर जा’ अशी शिवी देतात, आणि प्रेक्षक हंसतात. ‘मसणांत जा’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यांत नवल वाटूं नये. आणि सिसेरोच्याच काळांत कातुल्लस ह्या कवीनें एक दोनच ओळींची कविता लिहिली. एकाच व्यक्तीचा द्वेष आणि तिच्यावरच प्रेम अशा कात्रींत सांपडलेल्या मनाची ती कविता आहे, आणि तिचें शेवटचें क्रियापद हें ‘एक्स्क्रुकिआरे’चेंच रूप आहे. कातुल्लस इ. स. पूर्व ५४ च्या सुमारास तिशींतच वारला. म्हणजे आप्पियन मार्गावर ते क्रूस उभे राहिले तेव्हां तो दहा-बारा वर्षांचा पोर असावा. ज्या पिढीनें लहानपणीं क्रूस पाहिले त्याच पिढींतल्या कवीनें तो शब्द प्रेमाच्या दुःखाला लावला. शब्द झिजायला शतकें लागतात असें समजलें जातें, तें नेहमींच खरें नसतें.

इ. स. ७० मध्यें रोमन सेनापति टायटस यानें यरुशलेमला वेढा दिला. शहरांतून अन्न शोधायला बाहेर पडलेल्या लोकांना पकडून तटासमोर क्रूसावर देण्यांत येत होतें. यहुदी इतिहासकार जोसीफस ह्यानें रोज पांचशें आणि कधीं त्याहूनही अधिक माणसें अशीं मारलीं गेल्याचें लिहिलें आहे. क्रूसांना जागा पुरेना आणि देहांना क्रूस पुरेनात. आकडा फुगवलेला असूं शकेल. पण जोसीफसनेंच आपल्या आत्मचरित्रांत एक लहानशी गोष्ट सांगितली आहे, आणि तींत फुगवण्यासारखें कांहीं नाहीं. वाटेनें जातांना क्रूसांवरच्या कैद्यांत त्याला आपल्या ओळखीचे तिघे दिसले. तो रडत टायटसकडे गेला. टायटसनें त्यांना उतरवून उपचार करण्याचा हुकूम दिला. दोघे वैद्याच्या हातांत मेले, एक जगला. त्या जगलेल्या माणसानें आपल्या वेदनेविषयीं काय सांगितलें हें जोसीफसनें लिहिलें असतें, तर ह्या शब्दाच्या इतिहासांत त्याहून मोलाचा पुरावा दुसरा नसता. १९६८ सालीं यरुशलेमच्या उत्तरेस एका थडग्यांत दगडी अस्थिपेटी मिळाली. तिच्यावर येहोहानान असें नांव कोरलेलें होतें, आणि आंतल्या टाचेच्या हाडांत लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. त्याचें टोंक वांकलें असल्यामुळें पुरणाऱ्यांना तो काढतां आला नसावा. रोमन साम्राज्यांत क्रूसावर मेलेल्या असंख्य माणसांपैकीं हाडाच्या रूपानें असा स्पष्ट पुरावा उरलेलीं माणसें एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच आहेत.

चौथ्या शतकांत सम्राट कॉन्स्टंटाइन यानें हा दंड बंद केला, असें त्याच शतकांतल्या लेखकांनीं नोंदलें आहे. त्यानंतर क्रूस पाहण्याची संवय मोडली, आणि मग तो चित्रांत व शिल्पांत येऊं लागला. रोममधल्या सांता साबिना ह्या देवळाच्या पांचव्या शतकांतल्या लांकडी दरवाजावर ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाचें जें चित्र कोरलें आहे, तें अशा सर्वांत जुन्या चित्रांपैकीं एक मानतात. ज्यांनीं क्रूस डोळ्यांनीं पाहिले होते त्यांना तो पूजेच्या जागीं मांडणें जड गेलें असलें पाहिजे.

येथून त्या लॅटिन शब्दाच्या दोन वाटा झाल्या, आणि गंमत अशी कीं दोन्ही वाटा पुढें मराठी मुलुखांत येऊन पोंचल्या. एक वाट पोर्तुगीजांची. लॅटिन ‘क्रुक्स’चें पोर्तुगीजमध्यें ‘क्रूझ’ झालें. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा घेतला, १५३४ सालीं वसई घेतली, आणि त्यांच्याबरोबर तो शब्द किनाऱ्यावर उतरला. वसईकडे तो ‘क्रूस’ झाला, गोव्यांत कोंकणी जिभेनें त्याचा ‘खुरीस’ केला. हा शब्द श्रद्धेचा, अंगणांतला, फुलें वाहण्याचा. पुढें प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं बायबलचें मराठी भाषांतर केलें तेव्हां त्यांना हा उसना शब्द नको होता. मराठी बायबलांत ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ झाला. फुलांनीं झांकलेली गोष्ट त्या शब्दानें पुन्हां उघडी केली, आणि तेवढ्यापुरता तो मूळ लॅटिन शब्दाशीं अधिक प्रामाणिक आहे. दुसरी वाट इंग्रजीची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, लॅटिनमधून शब्द पोत्यानें आणण्याचा जो हव्यास इंग्रज पंडितांना जडला होता, त्यांत हें क्रियापद इंग्रजींत आलें आणि मागोमाग हें विशेषण आलें. ‘क्रूसावर चढवणें’ ह्या अर्थाचें निराळें क्रियापद इंग्रजीजवळ फ्रेंचमधून आधींच आलेलें होतें आणि तें धर्मकथेशीं बांधलें गेलें होतें. नव्या शब्दाला त्यामुळें ख्रिस्ताची कथा सांगण्याचें काम उरलें नाहीं. तो मोकळा राहिला, आणि वैद्यांच्या व नाटककारांच्या कामीं आला. डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत त्याच्या क्रियापदाचा अर्थ ‘छळणें, यातना देणें’ एवढाच दिलेला आहे. क्रूस अर्थांतून गळून पडला आहे.

पण हें एकच विशेषण दंडशाळेंतून आलेलें आहे असें नव्हे. दुखण्याला इंग्रजींत जो अगदीं साधा, पोराच्याही तोंडीं असणारा शब्द आहे, तो ‘पेन’ हा शब्दच मुळीं लॅटिन ‘पोएना’चा वंशज आहे, आणि ‘पोएना’ म्हणजे दंड, भरपाई, शिक्षा. १८६० सालीं संमत झालेल्या आणि २०२४ पर्यंत चाललेल्या ‘इंडियन पीनल कोड’मधला ‘पीनल’ आणि गुडघ्यांतला ‘पेन’ हे सख्खे भाऊ आहेत. फ्रेंचमध्यें कष्टाला आणि प्रसूतिवेदनेला जो शब्द आहे तो तीन खांबांच्या एका छळयंत्राच्या नांवावरून आला असें मानतात. ‘टॉर्चर’ म्हणजे पिळणें. युरोपच्या ह्या भाषांनीं दुखण्याचें नांव ठेवायला शरीराकडे पाहिलें नाहीं, न्यायाधीशाकडे पाहिलें.

ही नुसती कोशकारांची करमणूक असती तर येथें थांबतां आलें असतें. पण वेदना म्हणजे शिक्षा ही समजूत शब्दांत मुरली, म्हणजे ती रोग्याच्या खाटेपर्यंत जाते. एडिंबरोचा डॉक्टर जेम्स यंग सिम्पसन यानें १८४७ सालीं प्रसूतीच्या वेदना कमी करण्याकरितां प्रथम ईथर आणि मग नोव्हेंबरापासून क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. त्यावर आक्षेप निघाला तो असा, कीं हव्वेच्या अपराधाबद्दल स्त्रीला वेदनेनें मुलें प्रसवावीं लागतील असा शाप बायबलच्या पहिल्याच ग्रंथांत आहे; ती वेदना नाहींशी करणें म्हणजे देवानें दिलेली शिक्षा माफ करण्याचा अधिकार डॉक्टरनें आपल्याकडे घेणें होय. सर्व पाद्री सिम्पसनवर तुटून पडले ही पुढें वाढलेली आख्यायिका आहे. प्रत्यक्ष विरोध एवढा मोठा नव्हता, असें नंतरच्या अभ्यासकांना आढळलें आहे. परंतु सिम्पसनला मात्र उत्तर देणें इतकें निकडीचें वाटलें, कीं त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें धार्मिक आक्षेपांना उत्तर म्हणून एक स्वतंत्र पुस्तिका छापली. त्या पुस्तिकेंत तो वैद्यकापेक्षां व्याकरण अधिक बोलतो. शापांतला मूळ हिब्रू शब्द वेदनेचा नसून श्रमाचा, कष्टाचा आहे असा त्याचा मुख्य मुद्दा. आणि आदमची बरगडी काढतांना देवानेंच त्याला आधीं गाढ झोंप आणली होती, हा त्याचा दुसरा मुद्दा. पहिला मुद्दा हिब्रू पंडितांना किती पटला हा प्रश्न निराळा. एका शब्दाच्या अर्थावर हजारों बाळंतिणींचें दुःख अडून राहूं शकतें हें त्यानें अचूक ओळखलें होतें. १८५३ सालीं राणी व्हिक्टोरियानें आपल्या आठव्या बाळंतपणांत डॉक्टर जॉन स्नो याच्याकडून क्लोरोफॉर्म घेतलें, आणि पुढें तो वाद फारसा कोणी काढला नाहीं.

आपल्याकडची स्थिति फार निराळी आहे असें कोणी समजूं नये. ‘यातना’ ह्या संस्कृत शब्दाच्या मुळाशीं परतफेडीचा, केल्या कर्माचें फळ भोगण्याचा अर्थ आहे, आणि मराठींत पराकोटीच्या दुःखाला ‘यमयातना’ म्हणतात. यम हा कांहीं रोगाचा देव नव्हे, तो न्यायाधीश. म्हणजे येथेंही वेदना न्यायालयांतूनच आली. ‘दंड’ म्हणजे मुळांत काठी. ती पाठीवरून उतरून आतां पावतीवर आली आहे एवढेंच. आणि बिछान्यावर तळमळणारा म्हातारा ‘कोणत्या जन्माचे भोग हे’ असें म्हणतो, तेव्हां तो सिम्पसनच्या आक्षेपकांचीच बाजू स्वतःविरुद्ध मांडत असतो.

रोमच्या क्रूसाला भारतांत जवळचा नातलग आहे, तो सूळ. शूद्रकाच्या मृच्छकटिकांत, जें देवलांच्या रूपांतरामुळें मराठी रंगभूमीला घरचें झालें आहे, वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आळ आलेला चारुदत्त वधस्थानाकडे निघतो तो कण्हेरीची माळ घालून आणि स्वतःचाच शूल खांद्यावर घेऊन. आडवा वांसा खांद्यावर वाहणाऱ्या रोमन कैद्याचें चित्र त्याशेजारीं ठेवून पाहावें. हजारों मैलांच्या अंतरावरच्या दोन राज्यांनीं एकमेकांना न विचारतां तीच युक्ति काढली होती. ह्याच शब्दाचें ‘शूळ’ हें रूप मराठींत दुखण्याचें नांव झालें: पोटशूळ, कपाळशूळ. मात्र येथें एक फरक केला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत ह्या दुखण्याला शूल कां म्हणावें याचें कारण दिलें आहे, आणि तें शंकु म्हणजे खुंटी ठोकल्यासारखी तीव्र वेदना होते, असें आहे. राजदंडाचा तेथें उल्लेख नाहीं. वैद्यानें सुळाचें टोंक पाहिलें, सुळावरचा अपराधी पाहिला नाहीं. लॅटिन शब्दांत शिक्षा आधीं आणि दुखणें मागाहून. आयुर्वेदाच्या शब्दांत टोंचणें आधीं, आणि अपराधाची चर्चा नाहींच. मराठी बोलींत अर्थात् शूळाचीही घसरण झालीच. शेजाऱ्यानें माडी बांधली म्हणजे ज्याच्या पोटांत शूळ उठतो, त्याला औषधाची गरज नसते.

महाभारताच्या आदिपर्वांत मांडव्य ऋषीची कथा आहे. चोरांनीं लुटीचा माल त्याच्या आश्रमांत लपवला; मौनव्रत असल्यामुळें मांडव्य राजाच्या शिपायांना कांहींच बोलला नाहीं; राजानें त्याला चोरांबरोबर सुळावर दिलें. तो मेला नाहीं. चूक कळल्यावर राजानें क्षमा मागून सूळ उपसण्याचा प्रयत्न केला, पण तो निघेना. तेव्हां बाहेरचा भाग कापून टाकला, आणि आंतलें टोंक, म्हणजे अणी, देहांत वागवीत तो अणीमांडव्य म्हणून फिरत राहिला. येहोहानानच्या टाचेंतला वांकलेला खिळा ज्यानें वाचला त्याला ही अणी आठवल्यावांचून राहणार नाहीं. पण कथेचा गाभा पुढें आहे. मांडव्य धर्मराजाकडे, म्हणजे यमाच्याच दरबारांत, गेला आणि त्यानें विचारलें कीं ही वेदना मला कशाबद्दल मिळाली. उत्तर मिळालें, लहानपणीं त्यानें किड्यांच्या शेपटींत गवताची काडी खुपसली होती त्याबद्दल. ऋषीनें हा न्याय मान्य केला नाहीं. अल्प अपराधाला एवढा मोठा दंड देणाऱ्या न्यायाधीशालाच त्यानें मनुष्यजन्माचा शाप दिला, आणि तोच विदुर म्हणून जन्मला. शिवाय चौदा वर्षांच्या आंतील मुलाच्या कृत्याला पाप म्हणूं नये अशी मर्यादाही त्यानें घालून दिली. वेदना म्हणजे शिक्षा हें गणित यमाच्या तोंडावर चुकीचें ठरवणारा माणूस इतक्या जुन्या ग्रंथांत सांपडतो. कीर्तनांतून ही कथा विदुराच्या जन्माची म्हणून सांगितली जाते, आणि सुळाची बाजू सहसा मागें राहते.

विसाव्या शतकांत ह्या सर्व जुन्या शब्दांची मोजदाद करण्याची वेळ वैद्यकावरच आली. ताप मोजायला नळी आहे, रक्तदाब मोजायला पट्टा आहे. वेदना मोजायला रोग्याच्या शब्दांखेरीज कांहीं नाहीं. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यानें टॉर्गर्सन ह्या सहकाऱ्याबरोबर १९७१ सालीं वेदनेच्या इंग्रजी विशेषणांची वर्गवारी प्रसिद्ध केली, आणि १९७५ सालीं त्यावरून एक प्रश्नावली तयार केली. तींत ७८ विशेषणें २० गटांत मांडलेलीं आहेत. रोग्यानें आपल्या दुखण्याला लागू पडणारीं निवडायचीं. एका गटाचें पहिलेंच विशेषण ‘शिक्षा करणारी’ ह्या अर्थाचें आहे. आणि ‘ह्या घटकेला दुखणें किती आहे’ ह्या प्रश्नाला पांच पायऱ्यांची शिडी आहे: सौम्य, अस्वस्थ करणारी, त्रासदायक, भयंकर, आणि पांचव्या, सर्वांत वरच्या पायरीवर ‘एक्स्क्रुशिएटिंग’. सिसेरोला जो शब्द नागरिकाच्या कानांपासूनही दूर ठेवायचा होता, त्याचें नातवंड आज रुग्णालयांत छापील कागदावर रोग्यापुढें ठेवलें जातें, आणि तेथें तें उपयोगीही पडतें. औषध किती द्यावें हें पुष्कळदां त्या निवडीवर ठरतें.

बोलण्यांतल्या वापराबद्दल थोडेंसें सांगणें जरूर आहे, कारण इंग्रजी शिकणारे येथें चुकतात. हें विशेषण दुखवणाऱ्या गोष्टीला लागतें, दुखणाऱ्या माणसाला नाहीं. वेदना, दाढ, प्रवास, शांतता, हीं तशीं असूं शकतात. पण रोग्यानें स्वतःलाच हें विशेषण लावलें तर ऐकणारा असें समजेल कीं ह्या गृहस्थांचा सहवासच असह्य आहे. त्यापुढें ‘अतिशय’ जोडणें भाषेच्या कानाला खटकतें. शिडीच्या शेवटच्या पायरीवर आणखी एक पायरी ठेवतां येत नाहीं. क्रियाविशेषण झालें म्हणजे तें विनोदाच्या बाजूला झुकतें: जीव नकोसा होईल इतकी सभ्यता, इतका बारीक तपशील. इंग्रजी लेखक हा विनोद सहज करतात, आणि प्लाउटसचे गुलाम आठवले म्हणजे त्याबद्दल त्यांना दोष देववत नाहीं.

मराठींत हें विशेषण आणायचें तर कोणतें रूप घ्यावें? ‘असह्य’ बरोबर आहे पण फिकें आहे. उकाडाही असह्य असतो. ‘प्राणांतिक’ आणि ‘जीवघेणी’ हे जोरदार शब्द, पण त्यांत मरणाची घाई आहे, आणि क्रूसावर ती घाई नव्हती. ‘यमयातना’ अर्थानें सर्वांत जवळचा. परंतु डॉक्टरनें तो रोग्यापुढें ठेवावा काय, याचा विचार केला पाहिजे, कारण त्याबरोबर यमाचा हिशेबही खाटेशीं येऊन बसतो. घरांतली मराठी ह्या पंडिती शब्दांपासून दूरच राहिली आहे. ती कळ म्हणते, ठणका म्हणते, सणक, चमक, मुरडा, ठुसठुस, चरचर म्हणते. पोटांत कुरतडल्यासारखें होतें, कपाळावर घण पडल्यासारखे वाटतात असें सांगते. ह्यांत न्यायाधीश कोठेंच नाहीं. दुखणें जसें होतें तसा आवाज किंवा हालचाल आहे. ठणका आणि सणक यांतला फरक अनुभवी सुईणीला व जुन्या वैद्याला कळत असे, आणि त्यावरून दुखणें पुवाचें कीं शिरेचें हें ते अर्धेअधिक ओळखीत. तालुक्याच्या दवाखान्यांत हे सगळे शब्द रोगी आजही खिडकीशीं उभा राहून सांगतो, आणि केसपेपरावर ‘पेन’ एवढा एकच शब्द उतरतो.